चौथा शड्डू

"नाडी जरा सैल सोड, येश्या. बरगड्या आवळाय लागल्यात."

हिंदुरावदादा माझ्याकडं पाठ करून उभे होते आणि मी त्यांना राक्षसाच्या कातड्यात भरत होतो. फोम, मोटारीच्या ट्यूबचं रबर आणि सोल्युशन यांतून केलेला तो पोशाख अठरा किलोचा होता. पाठीवर बुटासारखी नाडी. मुंडकं वेगळं, ते वरून चढवून मानेभोवती सोल्युशननं चिकटवायचं. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, नाकाशी बारीक जाळी, तोंडाला दात भरपूर पण भोक नाही. एकदा मुंडकं बसलं की आतला माणूस बोंबलला तरी बाहेर नुसती घुरघुर यायची. आमचे दिग्दर्शक मोहिलेसाहेब त्या घुरघुरीवर फार खूश होते.

साल सत्त्याऐंशी. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरत होतो. सिनेमाची गोष्ट अशी होती: दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या साहेबांनी माळावरच्या कोठारात न मरणारा शिपाई तयार करायचा प्रयोग केला. तो बिघडला. मग त्या शिपायाला लोखंडी टाकीत कोंडून साहेब मायदेशी निघून गेले. चाळीस वर्षांनी कॉलेजची चार पोरं सहलीला येतात आणि टाकीचं झाकण उघडतात. इतकी ठिकाणं सोडून पोरं सहलीला तिथंच का आली, हे विचारायचं नाही.

जागा मात्र अस्सल होती. शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर, लढाईच्या काळात बांधलेलं एक कोठार. नंतर ते कुणा कंपनीनं घेतलं, तीही बंद पडली. राखणीला सदूनाना नावाचे एक म्हातारे उरले होते. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मोहिलेसाहेबांच्या हातात दिला आणि नातवाच्या बारशासाठी लेकीच्या गावाला निघून गेले.

मोहिलेसाहेबांना पाट्यांची भारी हौस. 'धोका', 'प्रवेश बंद', 'प्रयोगशाळा क्रमांक तीन', खाली कवटी आणि दोन हाडं. गोऱ्या साहेबानं मराठीत पाट्या कशाला लावल्या असतील, असं मी एकदा विचारलं.

"प्रेक्षकाला वाचता यायला नकोत का?" ते म्हणाले. "न वाचता येणाऱ्या पाटीला कोण घाबरतो?"

मुद्दा बरोबर होता. दोन दिवसांत मी एकोणीस पाट्या रंगवल्या. विसावी टाकीच्या कठड्यावर हवी होती, कॅमेऱ्यात अगदी समोर दिसणारी, आणि नेमका पत्रा संपला. शहरात जाऊन आणायचा तर अर्धा दिवस गेला असता. मी एक जुना पत्रा मिळवला, घासला, लाल अस्तर मारलं आणि वर सुबक अक्षरांत लिहिलं: 'मृत्यूची प्रयोगशाळा'. सगळ्या पाट्यांत तीच उठून दिसत होती. मोहिलेसाहेबांनी पाठ थोपटली तेव्हा मी दिवसभर हवेत होतो.

दादा मूळचे पैलवान. एके काळी त्यांच्या कुस्तीला खेड्यापाड्यांतून बैलगाड्या यायच्या, असं माझे वडील सांगायचे. गुडघा गेला, कुस्ती सुटली आणि उंचीमुळे सिनेमावाल्यांच्या हाती लागले. भूत, राक्षस, जल्लाद. त्यांचा चेहरा कधीच दिसायचा नाही. त्याचं त्यांना वाईट वाटायचं, पण सांगायचे नाहीत.

पहिल्या दिवशी मुंडकं चढवण्याआधी त्यांनी माझं मनगट धरलं.

"हे बघ मर्दा, आतनं बोललेलं कुणाला ऐकाय जात न्हाई. काय इपरीत झालं तर मी शड्डू ठोकीन. शड्डू ऐकला की तू यायचं. कोण काय का म्हणंना."

"येतो की," मी म्हणालो.

"कोण काय का म्हणंना," ते पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात चालायचा शॉट होता. अर्ध्यातच दादा थांबले आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. रबरावर बसलेला तो आवाज कोठाराच्या भिंतींवर असा आदळला की लाइटवाले दचकले. मी शॉटमध्येच धावलो, मुंडकं काढलं. दादांना भोवळ आली होती. पाणी पाजलं, बसवलं. मोहिलेसाहेब माझ्यावर तुटून पडले.

"शॉट चालू असताना फ्रेममध्ये यायचं नाही, हे कळत नाही? फिल्मचे शेवटचे दोन डबे उरलेत माझ्याकडं. परत आलास तर तिथून थेट घरी जायचं."

मी मान खाली घातली. तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला. "पण ते मांडी ठोकणं... ते झकास होतं हो, हिंदुराव. तुमचा राक्षस बाहेर येण्याआधी शड्डू ठोकतो. टाकीच्या आतून. तीन वेळा. लोक खुर्चीतून उडतील."

दादा लाजले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांनी केलेली गोष्ट सिनेमात घेत होतं. घरी जाताना टेंपोत ते मला म्हणाले, "साहेबाला पारख हाय, येश्या." मीही हो म्हणालो. आता शड्डू सिनेमाचा झाला, मग आपल्याला दुसरी खूण ठरवायला हवी, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तिसरा दिवस टाकीचा.

टाकी जमिनीत होती. वर फक्त गोल तोंड, कमरेइतका कठडा आणि बिजागरीचं जाड लोखंडी झाकण. आत शिडी. सकाळी झाकण उघडून एका पोरानं बॅटरी मारली. आत पाण्याचा थेंब नाही, किडा नाही, नुसता गंज. "एकदम स्वच्छ हाय," तो म्हणाला. तालीम झाली ती झाकण उघडं ठेवून, वरच्या दोन-तीन पायऱ्यांवर. सगळं ठीक होतं. मग मोहिलेसाहेबांना आवाज हवा तसा घुमेना.

"हिंदुराव, तुम्ही तळाला जा. खालून तीन शड्डू ठोका, मग चढा, मग झाकण ढकला. झाकण हललं की पोरं किंचाळतील."

दादांनी मुंडकं चढवण्याआधी माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. मी मानेभोवती सोल्युशन लावलं, दाबून धरलं. ते शिडीवरून उतरत गेले, आधी शेपूट, मग पाठीचे काटे, मग शिंगं. चौघांनी झाकण लावलं. मोहिलेसाहेबांनी हात वर केला आणि माळावर सगळं चिडीचूप झालं.

दुपारचे बारा वाजून गेले होते. मी कॅमेऱ्याच्या मागं, टाकीपासून दहा पावलांवर उभा होतो.

पहिला शड्डू आला. जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. माझ्या तळपायाला तो कळला. दुसरा आला. तिसरा आला. कॅमेरामननं मान हलवून शाबासकी दिली.

आता शिडीवर पाय वाजायला हवे होते. ते वाजले नाहीत.

थोड्या वेळानं चौथा शड्डू आला.

तो आधीच्या तिन्हींसारखा नव्हता. हात नीट बसला नव्हता. मी मोहिलेसाहेबांकडं बघितलं. ते डोळे मोठे करून टाकीकडं बघत होते, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. कॅमेरामनच्या कानाशी लागून ते पुटपुटले, "चालू ठेव. कमाल करतोय माणूस."

माझा पाय उचलला. मग मला कालचे शब्द आठवले, फिल्मचे शेवटचे डबे आठवले, थेट घरी जायचं आठवलं. दादा रंगात आले असतील, असं मी मनाला सांगितलं. साहेबांनी कौतुक केलंय, म्हणून एक जास्तीचा. मन ऐकत नव्हतं. तरी मी उभाच होतो. इतकं भ्यालो होतो आणि नक्की कशाला भ्यालो होतो, तेच मला उलगडत नव्हतं: टाकीला की साहेबांना.

पाचवा शड्डू आला. तो शड्डू नव्हताच. ओल्या फडक्यानं भिंत पुसावी तसा काहीतरी आवाज होता.

तेवढ्यात माझ्या खांद्यामागं कुणीतरी उभं राहिलं. सदूनाना. बारसं आटोपून परत आले होते, काखेत पिशवी तशीच. ते हळूच, शॉटचा मान राखून कुजबुजले, "टाकीवरची पाटी कुठं हाय?"

"कसली पाटी?" मी म्हणालो.

"कठड्याला तारेनं बांधल्याली. सरकारी." त्यांची नजर बंद झाकणावर गेली. "आत कोण हाय का?"

मी मान डोलावली.

"आरं देवा," नाना म्हणाले, अजून कुजबुजतच. "तितं हवा न्हाई, पोरा. बंद टाकीत गंज हवा खातो. माझ्या देखत दोन माणसं गेली हितं, एक उतरला आणि त्याला काढाय दुसरा."

मग मी धावलो. मोहिलेसाहेबांची शिवी ऐकली, कॅमेऱ्याची घरघर ऐकली, आणि झाकणाला हात घातला. एकट्याला हलेना. "उचला," मी ओरडलो, "दादा मेले, उचला." क्षणभर सगळे तसेच उभे. कॉलेजची पोरं म्हणून आणलेली ती चार पोरंसुद्धा हा सिनेमाचाच भाग समजून किंचाळायला लागली. मग नानांनी पिशवी टाकली, पुढं आले, आणि मग लाइटवाले आले.

झाकण उघडलं. दादा तळाला नव्हते. रबर भिंतीला घासत कसेबसे चढून ते वरून चौथ्या पायरीवर लोंबकळत होते. उजव्या हाताचा कोपर पायरीत अडकवून त्यांनी हात मानेमागं नेला होता, कुस्तीत कैची घालतात तसा. शुद्ध गेली होती, पकड गेली नव्हती.

मी आत पाय टाकला तसं नानांनी मला कॉलरला धरून मागं ओढलं. "उतरू नको. तू बी ऱ्हाशील. पालथा पड, दम धर, वरनंच ओढ."

मी पालथा पडलो. छातीत हवा भरली, डोकं आत घातलं आणि शिंगं धरली. शिंगं उपटून हातात आली. माझंच काम, माझंच सोल्युशन. मग पाठीची नाडी हाताला लागली. सकाळी मी ती सैल सोडली होती म्हणून बोटं आत गेली. माझे पाय दोघांनी धरले, आम्ही सगळ्यांनी मिळून ओढलं. कोपर पायरीतून सुटेना. सुटला तेव्हा काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

मुंडकं निघत नव्हतं. खिशात पुट्टी लावायची पात होती. तिनं मी रबर कापलं, मान कापली जाईल याची भीती वाटत होती तरी कापलं. आत दादांचा चेहरा निळा पडला होता. त्या तीन दिवसांत मी पाट्यांवर कितीतरी भेसूर कवट्या रंगवल्या होत्या. असा रंग मला कधी जमला नव्हता.

नानांनी छाती दाबायला सुरुवात केली. कुणीतरी थर्माकोलच्या पांढऱ्या फळ्यानं वारा घालत होतं. मोहिलेसाहेब बाजूला नुसते उभे होते. मी दादांचा पाय धरून बसलो होतो आणि मनात एकच चाललं होतं: हा माणूस मेला तर चौथा मला ऐकू आला होता हे मी कुणाला सांगणार? बऱ्याच वेळानं दादा घोरल्यासारखा आवाज काढून खोकले. मी मोठ्यानं रडलो.

ते दीड महिना दवाखान्यात होते. कोपर जुळला, पण उजवा हात तेव्हापासून थरथरतो आणि बोलताना मधेच एखादा शब्द हरवतो. पोलीस आले तेव्हा नाना म्हणाले, पाटी होती, मी गेलो तेव्हा होती, कुणी भंगारात नेली ठाऊक नाही. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. मी तर जीव वाचवणारा होतो.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. दादा मला हट्टानं घेऊन गेले. मोहिलेसाहेबांनी तोच शॉट ठेवला होता, तिथलाच आवाज ठेवला होता. पडद्यावर माझी पाटी भिंतीएवढी दिसत होती. तीन शड्डू झाले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. चौथा आला तेव्हा तर काही जण उठून नाचले. दादा माझ्या कानाशी म्हणाले, "तीन साहेबाचे. ह्यो तुझा." मी मनात मोजत होतो. चौथ्यापासून माझी सावली फ्रेमच्या कोपऱ्यात येईपर्यंत सत्तावीस सेकंद गेले. मधे कुठंतरी पाचवा होता, तो शिट्ट्यांत कुणाला ऐकूच आला नाही. सावली आली तिथं त्यांनी शॉट कापला होता.

"लगेच आलास," दादा अंधारात म्हणाले.

त्यानंतर दर दसऱ्याला ते सोनं घेऊन सगळ्यांत आधी माझ्याकडं यायचे. वयानं बारा वर्षांनी मोठा माणूस, माझ्या पाया पडायला वाकायचा आणि मी त्यांना अर्ध्यात धरायचो. "दुसरा जन्म ह्याचा हाय," ते माझ्या बायकोला सांगायचे. मी चहाचं बघायला आत जायचो. तीस वर्षं मी चहाचं बघायला आत जात होतो.

मागच्या दसऱ्याला ते आले ते नातीला घेऊन. ऋतुजा, अकरावीतली. दादांच्या तालमीची नवी इमारत झाली होती.

"येश्या, ती टाकीवरची पाटी तुज्याकडं हाय म्हणं."

"आहे," मी म्हणालो. शूटिंग गुंडाळलं त्याच दिवशी मी ती पिशवीत घालून घरी आणली होती. कपाटामागं, भिंतीकडं तोंड करून ठेवली होती.

"तालमीत लावायची. मारुतीच्या शेजारी. खाली तुजं नाव लिवणार. पोरं रोज पाया पडतील, कळंल तरी त्यास्नी, भाऊ कसा असावा."

मी आत गेलो. या वेळी चहासाठी नाही. पाटी काढली, थिनरची बाटली घेतली आणि ती जुनी पुट्टीची पात घेतली. पुढच्या सोप्यात त्यांच्यासमोर बसून मी लाल अस्तरावरची अक्षरं खरवडायला लागलो.

"आरं, काय करतोस?" दादा म्हणाले.

'मृत्यूची' गेलं. 'प्रयोगशाळा' गेलं. त्या वेळचं अस्तर स्वस्तातलं, सालपटासारखं निघालं. खालचा रंग जुना, पक्का, सरकारी. पांढरी इंग्रजी अक्षरं वर आली. मी चौथी शिकलेला. इंग्रजी अक्षर मला काढता यायचं, दुकानाची पाटी हुबेहूब उतरवून द्यायचो, पण वाचता कधी आलं नाही. त्या दिवशी कठड्यावरून तार सोडून हा पत्रा घेतला तेव्हा त्यावर काही लिहिलंय हे मला दिसलं होतं. काय लिहिलंय ते कुणाला विचारावं, असं मात्र वाटलं नव्हतं. जुना पत्रा पेंटरला फुकटचा माल वाटतो.

"ऋतुजा," मी म्हणालो, "वाच बाळा. आणि आजोबांना मराठीत सांग."

तिनं आधी मनात वाचलं. मग दादांकडं न बघता म्हणाली, "धोका. टाकीत श्वासापुरती हवा नाही. झाकण उघडून एक दिवस झाल्याशिवाय आणि दिवा उतरवून बघितल्याशिवाय आत जाऊ नये. खाली लिहिलंय, ही पाटी काढू नये."

दादांनी पाटीकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या पातीकडं.

"सदूनानानं मला विचारलं, पाटी कुठं आहे म्हणून," मी म्हणालो. "मी म्हणालो, कसली पाटी. आणि दादा, चौथा मला ऐकू आला होता. पाचवाही आला होता. मी उभा राहिलो होतो. भ्यालो होतो."

दादांचा उजवा हात गुडघ्यावर थरथरत होता, तो त्यांनी डाव्या हातानं धरला. मग भिंतीला धरून उठले, आपट्याची पानं तशीच पायरीवर ठेवली आणि बाहेर गेले. ऋतुजा त्यांच्यामागं चप्पल घेऊन धावली. मी मान खाली घालून बसलो. टाकीपाशी वाटलं होतं त्याहून जास्त भीती मला त्या सोप्यात वाटली. त्यांच्या पायांचा आवाज अंगणातून फाटकापर्यंत गेला आणि थांबला.

फाटक वाजलं नाही.

मग शड्डू आला. एकच. म्हाताऱ्या, थरथरत्या हाताचा, नीट न बसलेला.

मी सत्तावीस सेकंद थांबलो नाही.